अडीच कोसांची भेरी

"इतक्या जवळून नको वाजवूस, सिदुगी. म्हातारा माणूस आहे. दचकून घोड्यावरून पडला, तर सामंतपद राहील बाजूला आणि आधी आपली मुंडकी जातील."

पोमाइसा हे म्हणाली तेव्हा दंडनायक रेवणय्या घाटाच्या शेवटच्या वळणावर दिसू लागले होते. पुढे दोन भालेकरी, मागे छत्र धरणारा, त्याच्या मागे लेखक. मी भेरीची टिपरं तेल लावून तयार ठेवली होती.

"आईसा," मी म्हणालो, "चक्रवर्तींचा माणूस दारात येतोय. भेरी हळू वाजवली तर म्हणेल, यांच्या घरात सुतक आहे."

"आहेच. वर्ष व्हायचंय अजून."

ते खरं होतं. गोंकल नायक, तिचा नवरा आणि आमचा धनी, मागल्या चैत्रात पडला. आमचा करंजघाट म्हणजे नव्वद घरं, एक खिंड आणि पोटभर वारा. त्या खिंडीतून शत्रूचं कटक आत उतरू नये म्हणून गोंकल नायक साठ माणसांनिशी तीन दिवस उभा राहिला. चौथ्या दिवशी चक्रवर्तींची सेना पोचली, तेव्हा खिंड शाबूत होती आणि साठांतलं कुणी नव्हतं. मी वर सुळक्यावर भेरी वाजवत होतो म्हणून वाचलो. पुढे भाटांनी साठांचे सहा केले आणि तिनाचे तेरा दिवस. मीही कुठे कुठे तेराच सांगतो. पण आज मोजून सांगायचं ठरवलंय.

दंडनायक दारात आले आणि मी पहिली थाप दिली.

घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला. एका भालेकऱ्याच्या हातून भाला गळाला. लेखकाने दोन्ही कान दाबून धरले आणि छत्र धरणारा छत्रासकट खाली बसला. दंडनायक मात्र खोगिरावर तसेच बसून होते. पापणी लवली नाही. उधळू पाहणाऱ्या घोड्याच्या मानेवर त्यांनी नुसता हात फिरवला आणि समोरच्या डोंगराकडे पाहत राहिले.

"काय छाती आहे!" आमची माणसं कुजबुजली. "तीस वर्षं रणात काढलेला माणूस. याला भेरी म्हणजे डास."

लेखकाने आज्ञापत्र वाचलं. भाषा जड होती, पण मतलब असा: गोंकल नायकाने प्राण देऊन खिंड राखली, म्हणून त्याच्या घराला सामंतपद. सामंताचे पाच महाशब्द, म्हणजे शंख, शिंग, तम्मट, जयघंटा आणि भेरी, ही पाचही वाद्यं आपल्या दारी वाजवण्याचा अधिकार. ज्याच्या दारी ही पाच वाजतात त्याच्याकडे वरचा कुणी वेठीला माणूस मागू शकत नाही. आणि भुई? भुई जिथवर त्याच्या भेरीचा नाद जाईल तिथवर. नाद दंडनायकांनी स्वतःच्या कानांनी ऐकायचा. सामंताने एकच गाव सांगायचं, दंडनायक तिथे बसतील. ऐकू आला तर त्या गावापर्यंतचं सगळं सामंताचं. नाही आला तर खिंडीतल्या चौकीचे धोंडे तेवढे त्याचे.

पोमाइसाने हात जोडून विचारलं, "ऐकायला किती वेळ मिळेल, दंडनायक?"

दंडनायक गंभीरपणे म्हणाले, "हरभरा घाला. पण भिजवून."

मग आमचा म्हातारा भाट हळूच म्हणाला, "केवढं खोल बोलले! उतावीळ होऊ नका, असा त्याचा अर्थ." लेखकाने घाईघाईने सांगितलं की वेळ एक घटका. तळाला भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडेपर्यंत जे ऐकू येईल ते खरं.

"गाव सांगा," लेखक म्हणाला.

कोसाभराच्या आत चार चांगली गावं होती. मी मनात त्यांतलं आंबवणं धरलं होतं. तिथे माझी जुनी भेरीसुद्धा ऐकू गेली असती.

"कोरंबी," पोमाइसा म्हणाली.

माझ्या हातातलं एक टिपरू खाली पडलं.

कोरंबी अडीच कोसांवर, पार खाली, तळ्याकाठी. आमच्या सुळक्यावरून ते तळं आरशाएवढं दिसतं. आणि ते गाव महासामंत बम्मरसाच्या मुठीत. बम्मरस म्हणजे वैरिगजकेसरी, शरणागतवज्रपंजर, रत्नपुरवराधीश्वर. ते रत्नपूर त्याने कधी पाहिलं नव्हतं. जे पाहून आले ते सांगत की तिथे आता कोल्हे राहतात. त्याचा भाट बिरुदं म्हणायला लागला की ती संपेपर्यंत घोडं एक झोप काढून उठायचं. प्रत्येक बिरुदाबरोबर त्याचा वाडा एक मजला वाढायचा, आणि प्रत्येक मजल्याबरोबर कोरंबीचे पुरुष वेठीला जायचे. त्या वर्षी अडतीस जण तिथे दगड ओढत होते. नेले तेव्हा बेचाळीस होते.

त्या अडतिसांत माझे भावोजी होते. माझी थोरली बहीण जाकव्वा कोरंबीला दिलेली.

"आईसा," मी जवळ जाऊन म्हणालो, "कोरंबी?"

"गोंकल नायकाच्या साठांत वीस कोरंबीचे होते. बम्मरसाची वेठ चुकवून आले होते ते, आणि आमच्या खिंडीत मेले. त्यांच्या बायकांना मी शब्द दिलाय."

"पण अडीच कोस…"

"तूच म्हणालास ना? दिवाळीला, भर पंगतीत? तुझी भेरी वाजली की तुझी अक्का कोरंबीत गाय पिळायला बसते. घटिकापात्र लागत नाही म्हणे तिला."

म्हणालो होतो. त्याच पंगतीत मी असंही म्हणालो होतो की माझ्या भेरीने एकदा ढग फुटला. ते कुणी खरं धरलं नाही. हे मात्र तिने धरून ठेवलं होतं.

"म्हणजे… वारा बरा असला तर," मी म्हणालो.

"मग वारा बरा करून घे. आठ दिवस आहेत."

त्या आठ दिवसांत मी जेवढा खरा वागलो तेवढा आधी नव्हतो आणि नंतरही नाही.

जुनी भेरी पुरणार नव्हती. दुसऱ्याच दिवशी सकाळी पोमाइसाने स्वतःचा न्हाणीचा हंडा अंगणात आणून ठेवला. लग्नातला. त्यावर घंघाळ ठेवलं, त्यावर तांब्या. कुणाला काही सांगितलं नाही. दुपारपर्यंत नव्वद घरांतून तांबं येऊन पडलं. घागरी, पराती, देवापुढची पळीसुद्धा. तांबटाने भट्टी पेटवली. आठवडाभर करंजघाट पानांवर जेवला आणि मडक्याने न्हाला. भेरीचं पोट तयार झालं तेव्हा त्यात एक माणूस मांडी घालून बसू शकत होता. मी बसून पाहिलं.

कातडं जुन्या रेड्याचं. तीन दिवस पाण्यात, दोन दिवस चुन्यात, मग घासून, ताणून, चामड्याच्या वाद्यांनी आवळून. सातव्या संध्याकाळी मी पहिली थाप दिली आणि पलीकडच्या कड्यावरची माकडं ओरडत पळाली.

"कोरंबीला जाईल?" पोमाइसाने विचारलं.

"पहाटेचा वारा खाली उतरतो. दिवस उगवताना वाजवली तर जाईल."

"आणि उशीर झाला तर?"

"ऊन तापलं की वारा उलटा फिरतो, खालून वर. मग आंबवण्यालाही जायची नाही."

"दंडनायकांनी सूर्योदयाची वेळ दिलीय," ती म्हणाली. "शब्द आहे त्यांचा."

शब्द त्यांचा होता, पण पाहुणचार बम्मरसाचा होता.

ठरलं होतं ते असं. कोरंबीहून धूर निघाला की वाटी पाण्यावर सोडली असं समजायचं आणि वाजवायला लागायचं. ऐकू आलं तर तळ्याकाठच्या उंच वेळूवर पांढरा ध्वज चढेल. वाटी बुडाली आणि ऐकू नाही आलं, तर काळा.

आठव्या दिवशी आम्ही अंधार असतानाच सुळक्यावर चढलो. मी, पोमाइसा, भेरी आणि तिला उचलणारे बारा जण. दिवस उगवला. थंड वारा पाठीवरून खाली कोरंबीकडे निघाला होता, जसा काही आम्ही सांगून ठेवलेला. तळं गुलाबी झालं. धूर नाही.

सूर्य कासराभर वर आला. धूर नाही.

"काय करतायत?" पोमाइसा म्हणाली.

"खातायत, आईसा. बम्मरसाने म्हणे चौदा प्रकारचे घारगे केलेत."

वारा थांबला. झाडाचं पान हलेना. मग मला गालावर हलकीशी झुळूक लागली. समोरून.

पोमाइसाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि निखाऱ्यांची शेगडी भेरीखाली सरकवली. ऊब लागली की कातडं ताणतं, आवाज चढतो. किती ऊब द्यायची हे माझ्या बापाने मला शिकवलं होतं: टिचकी मारावी, उत्तर आलं की शेगडी काढावी. मी टिचकी मारली. उत्तर आलं. वारा तोंडावर येत होता. मी शेगडी तशीच ठेवली, आणखी दहा श्वास.

आणि तेव्हाच खाली धूर निघाला.

पहिल्या थापेला सुळका हलला. दुसऱ्या थापेला माझ्याच छातीत कुणी बुक्का मारल्यासारखं झालं. तिसऱ्या थापेला भेरी फाटली.

या काठापासून त्या काठापर्यंत. रेड्याचं कातडं दोन पडद्यांसारखं दोन्हीकडे लोंबलं आणि आत नव्वद घरांचं तांबं लखलखत होतं.

मी टिपरं खाली ठेवायला वाकलो.

"उचल ती," पोमाइसा म्हणाली.

"आईसा, कातडं फाटलं."

"मला डोळे आहेत. ध्वज चढला का?"

"नाही. पण…"

"मग तांबं वाजव."

"तांब्याचा आवाज अडीच कोस काय, अडीच शेतं जायचा नाही!"

"माझा नवरा चौथ्या दिवसाची वाट बघत तीन दिवस उभा राहिला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्यालाही कुणी सांगितलं असेल की आता उपयोग नाही. ध्वज चढेपर्यंत थांबायचं नाही, सिदुगी. काळा चढला तरी चालेल. पण तो चढेपर्यंत नाही."

तिने माझ्या हातातलं एक टिपरू घेतलं आणि भेरीच्या पलीकडे उभी राहिली. आणि आम्ही दोघं ते उघडं तांबं बडवत राहिलो. खण्ण. खण्ण. भांडी घासताना होतो तसला आवाज. माझ्या तळव्यांची सालं निघाली. तिची बोटं रक्ताळली. बारा जणांतला एक जण रडत होता. दुसऱ्याने कमरेच्या शिदोरीची पळसाची पानं काढून माझ्या हाताला गुंडाळली आणि म्हणाला, "चालू द्या, काका."

किती वेळ गेला ते ठाऊक नाही. एक घटका ती केवढी! पण त्या घटकेत मी आयुष्यात मारलेल्या सगळ्या थापा माझ्यापुढे रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे ती गाय पिळणारी.

"काका!" तो रडणारा ओरडला. "काका, बघा!"

तळ्याकाठच्या वेळूवर ध्वज चढत होता.

पांढरा.

कोरंबीकडे उतरताना मी सारखा मागे राहत होतो. पोमाइसा घोड्यावरून उतरून माझ्याबरोबर चालायला लागली.

"आईसा, कातडं तिसऱ्या थापेलाच…"

"ठाऊक आहे."

"मग त्यांनी ऐकलं तरी काय?"

"ते खाली गेल्यावर कळेल. तोवर तोंड मिटून चाल. आयुष्यात एकदा तरी."

कोरंबीच्या शिवेवर बायका ओवाळायला आल्या होत्या. एक म्हातारी माझ्या पाया पडली. "काय वाजवलीस रे! माझी हाडं हलली." दुसरी म्हणाली, "घरातली मडकी नाचत होती." गावचा गुरव म्हणाला की देवळातली घंटा आपोआप वाजली. मी एकेकाचं तोंड पाहत होतो. माझ्यासारखी माणसं मला लगेच ओळखू येतात; पण हे सगळे एका सुरात बोलत होते, आणि बायकांच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

मग मला अक्का दिसली. भुवयांपासून पायांपर्यंत तांदळाच्या कोंड्याने पांढरी. हात पाठीमागे.

"ये, ढगफोड्या," ती म्हणाली.

"अक्का, हात दाखव."

तिने दाखवले. तळवे माझ्यासारखेच सोललेले.

"कशाने?"

"मुसळाने. आणि तुझे?"

मी सांगितलं. ती इतकी हसली की कोंडा सगळीकडे उडाला. मग मला ओढत तळ्याकाठी घेऊन गेली.

कोरंबीत घरोघर उखळ नाही. तळ्याकाठी एक भला थोरला कातळ आहे, सपाट, अख्ख्या गावाच्या अंगणाएवढा. त्यातच चाळीस उखळं कोरलेली. सगळ्या बायका तिथे कांडायला येतात. त्याच कातळाच्या दुसऱ्या टोकाला वड, आणि वडाखाली दंडनायकांचं आसन मांडलेलं.

"काल बम्मरसाचा माणूस आला," अक्का सांगू लागली. "म्हणाला, उद्या पाहुण्यांना जेवण आहे, दिवस उगवल्यापासून चाळीसही उखळं चालली पाहिजेत, हात थांबला तर पाठ सोलीन. मी म्हटलं, कांडलेला तांदूळ कोठारात पडलाय की! तर म्हणतो, विचारू नकोस, कांड. तेव्हाच कळलं मला. चाळीस मुसळांच्या धबडग्यात तुझी भेरी बुडवायची होती त्याला."

"मग?"

"मग संध्याकाळी मी दंडनायकांच्या पायांना ऊन पाणी घेऊन गेले. दाराशी ठेच लागली आणि पितळी घंघाळ पडलं फरशीवर. केवढा आवाज झाला! पहारेकरी उडाले. आणि म्हातारा पाठमोरा बसलेला, ढिम्म."

"त्यांची छातीच तशी आहे, अक्का. आमच्या दारात मी…"

"छाती कसली डोंबलाची! बहिरा आहे तो. ठार." तिने आजूबाजूला पाहिलं. "तीस वर्षं हत्तीवर नगाऱ्याशेजारी बसलेला माणूस, दुसरं काय होणार? सगळ्यांना ठाऊक असेल. पण बोलणार कोण? चक्रवर्तींच्या दंडनायकाला बहिरा म्हणायचं म्हणजे जीभ काढून हातात द्यायची."

मला तो भिजवलेला हरभरा आठवला.

"पण ऐक ना," अक्का म्हणाली. "मी पाणी सांडलं ते पुसत होते. तेवढ्यात मागच्या वाटेने दगडांची गाडी गेली, बम्मरसाची. आणि म्हातारा मागे न बघता म्हणाला, 'गाडी जड आहे.' पाय उघडे होते त्याचे, भुईवर टेकलेले. तेव्हा कळलं. याचे कान तळव्यांत आहेत."

मी कातळाकडे पाहिलं. मग वडाकडे. निवाड्याला बसणाऱ्याने पायांतल्या वहाणा काढून बसायचं, ही चाल कुणाला ठाऊक नाही?

"अक्का…"

"भेरीकाराची लेक आहे मी. बाबांचा ठेका तुला शिकवला, मी काय कान बंद करून बसले होते? पहाटे सगळ्या जणींना सांगितलं, धूर निघेपर्यंत वाटेल तसं कांडा, आवाज करा. धूर निघाला की माझ्या मुसळाकडे बघा. मी उचललं की सगळ्यांनी उचलायचं, मी टाकलं की सगळ्यांनी टाकायचं. धों. धों. धोंग-धोंग. धों."

ती म्हणत होती आणि माझी बोटं आपोआप हलत होती. बाबांचाच ठेका.

"चाळीस मुसळं एकदम पडली की कातळ कसा बोलतो ते तुला ठाऊक नाही. वाटीतलं पाणी थरथरायला लागलं. म्हाताऱ्याने डोळे मिटले. मग उघडले. आणि हात वर केला, 'भेरी! वाजली!'"

"आणि बम्मरस?"

"उठला ना ताडकन! 'दंडनायक, हे तर…' लेखकाने विचारलं, 'हे तर काय, महासामंत?' आता सांग, काय म्हणणार तो? मुसळं आहेत म्हणावं, तर मुसळ आणि भेरीतलं अंतर दंडनायकांना कळत नाही असं होतं. आणि मुसळं लावली कुणी, तेही निघतं. उभ्या उभ्या त्याचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. तळ्यातल्या माशासारखं. मग म्हणाला, 'हे तर… फारच छान वाजतंय.' आणि बसला."

मी हसलो नाही. हसायला पाहिजे होतं. मला एकदम त्या कातळावर बसावंसं वाटलं.

"अक्का, मी शेगडी काढायला उशीर केला. माझ्यामुळे फाटली."

"बाबांनी दहादा सांगितलं होतं तुला. टिचकीला उत्तर आलं की काढायची."

"काळा ध्वज चढला असता तर भावोजी…"

"चढला नाही," अक्का म्हणाली आणि डोक्यावरचा कोंडा झटकला. "चल. पाणी सोडणार आहेत."

वडाखाली सगळं गाव जमलं होतं. बम्मरस मधोमध, अंगावर सगळे अलंकार आणि चेहऱ्यावर एकही नाही. भुई देताना हातावर पाणी सोडतात. एकदा ते पाणी सुटलं की देवालाही परत घेता येत नाही. लेखकाने शब्द सांगितले. कोरंबी, तिचं तळं, तिचा कातळ, तिची झाडं आणि तिची वेठीला गेलेली माणसंसुद्धा. त्या शेवटच्या शब्दांना बम्मरस अडखळला. पोमाइसा हात पसरून उभी होती, बोटांना फडकी गुंडाळलेली. ती हलली नाही. तिने भुवईसुद्धा उचलली नाही. बम्मरसाने झारी तिरकी केली.

पाणी तिच्या हातावरून खाली कातळावर पडलं आणि शंख वाजला. मग शिंग. तम्मट. जयघंटा. भेरीच्या जागी फाटकी भेरी आणून ठेवली होती, वर शेला पांघरून. मी शेल्यावरून हात फिरवला. कुणी काही विचारलं नाही.

मग दंडनायकांनी मला पुढे बोलावलं.

"याला बिरूद द्या," ते लेखकाला म्हणाले. "अडीच कोस भेरी वाजवणारा माणूस मी पाहिलेला नाही. याला म्हणा भेरीभैरव."

गावाने जयजयकार केला. मी वाकून पाया पडलो. तेव्हा दंडनायकांनी माझे खांदे धरले, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि एक गोष्ट हळूच सांगितली.

म्हणजे त्यांना वाटलं, हळूच. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याची कुजबुज कशी असते, ते त्या दिवशी कोरंबीने ऐकलं. वडावरचे बगळे उडाले.

"गोंकल नायकाने माझं कटक वाचवलं," ते गरजले. "पण त्या बायांना सांग, पुढच्या वेळी जरा हळू कांडा. तांदळाचं पार पीठ झालं असेल!"

गुरव आभाळाकडे पाहू लागला. लेखकाने लेखणीचं टोक तपासलं. चाळीस बायकांनी चाळीस पदर नीट केले. बम्मरसाने ऐकलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. पण पाणी सुटलेलं होतं. तोही हळूहळू मान वर करून, मोठ्या आवडीने, बगळे मोजू लागला.

दंडनायक समाधानाने माझ्या पाठीवर थोपटून घोड्याकडे गेले.

चौथ्या दिवशी अडतीस माणसं परत आली. भावोजी सर्वांत मागे, खांदा कायमचा वाकडा झालेला. अक्का दारात उभी होती. तिने त्यांना एवढंच विचारलं, "जेवणार ना?" आणि आत जाऊन चुलीपुढे खूप वेळ बसून राहिली. त्या दिवशी घरात भाकरीऐवजी तांदळाच्या पिठाचे घावन होते. महिनाभर तेच होते.

जेवताना भावोजी मला म्हणाले, "त्या दिवशी आम्हाला तिकडे वाड्यावरसुद्धा तुझी भेरी ऐकू आली बघ."

वाडा कोरंबीहून सात कोस. मी अक्काकडे पाहिलं. ती घावन उलटत होती.

"वारा बरा होता त्या दिवशी," मी म्हणालो.

भेरीला नवं कातडं चढलं. सामंत पोमाइसाच्या दारी पाच महाशब्द वाजू लागले. भाट रोज बिरुदं म्हणू लागला आणि त्यांत माझंही एक होतं. पोमाइसाने एक चाल मात्र स्वतःची घातली: दर चैत्रात, शंख वाजण्याच्याही आधी, कोरंबीची एक बाई येऊन उंबऱ्याबाहेर मुसळाचे पाच ठोके देते. धों. धों. धोंग-धोंग. धों. भाटाने विचारलं, याला बिरूद काय म्हणू? पोमाइसा म्हणाली, "जे खरं आहे त्याला बिरूद लागत नाही. तू पुढचं म्हण."

त्यानंतर एकतीस वर्षं मी सुळक्यावर रोज सकाळी ती भेरी वाजवली. टिचकीला उत्तर आलं की शेगडी काढली, दर वेळी. वारा पाहिला, पहाट पाहिली, कातडी बदलली, टिपरं बदलली, दोन्ही हातांचे सांधे घालवले. आणि दर दिवाळीला कोरंबीला जाऊन अक्काला विचारलं.

"नाही," ती गाय पिळता पिळता म्हणायची. "याही वर्षी नाही आली ऐकू."